वर्गनाट्य

मुलांनी शिक्षकांसोबत वर्गातच एखाद्या गोष्टीचे, पाठाचे वा प्रसंगाचे नाटक रचणे आणि खेळणे, याला वर्गनाट्य म्हणतात. लिखित संहिता बहुधा नसते. संवाद खेळता खेळता सुचतात. बालनाट्याशी त्याची नेहमी गल्लत होते. बालनाट्य प्रेक्षकांसाठी असते, मग त्यात कामे मुले करोत वा मोठी माणसे. वर्गनाट्यात अर्धा वर्ग खेळतो, अर्धा पाहतो आणि पुढच्या खेपेला अदलाबदल होते. स्नेहसंमेलनातले नाटुकले हा तिसराच प्रकार. तिथे चार चुणचुणीत मुलांना कामे मिळतात, बाकीची झाडे होऊन उभी राहतात आणि विंगेतून बाई संवाद पुरवत असतात.

इंग्लंडमध्ये ससेक्समधील सॉम्प्टिंग गावच्या शाळेत हॅरिएट फिन्ले-जॉन्सन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहास, भूगोल असे विषय मुलांनी रचलेल्या नाटकांतून शिकवले. पुढे केंब्रिजच्या पर्स स्कूलमधील हेन्री कॉल्डवेल कुक यांचे ‘द प्ले वे’ (1917) प्रसिद्ध झाले. अमेरिकेत इव्हान्स्टन येथे विनिफ्रेड वॉर्ड यांनी गोष्ट सांगणे, तिच्यावर बोलणे, खेळणे, खेळाची चिकित्सा करणे आणि पुन्हा खेळणे असा क्रम बसवला. त्यांचे ‘प्लेमेकिंग विथ चिल्ड्रन’ 1947 मध्ये निघाले. पीटर स्लेड यांनी ‘चाइल्ड ड्रामा’ (1954) या ग्रंथात लहान मुलांना पडदा असलेल्या रंगमंचावर चढवण्यास विरोध केला. मुलांचे नाटक मोकळ्या जमिनीवर फुलते, असे त्यांचे म्हणणे होते.

या परंपरेला सर्वांत मोठे वळण दिले डॉरथी हीथकोट यांनी. चौदाव्या वर्षी शाळा सोडून त्या यॉर्कशायरमधील लोकरीच्या गिरणीत मागावर बसल्या. पुढे नाट्यशिक्षण घेऊन न्यूकॅसल येथे शिक्षकांच्या शिक्षिका झाल्या. त्यांच्यावरील बीबीसीच्या 1971 च्या माहितीपटाचे ‘थ्री लूम्स वेटिंग’ हे नाव त्या मागांवरूनच आले. नाटक चालू असताना शिक्षकाने बाहेर उभे राहून सूचना देण्याऐवजी स्वतः एक पात्र होऊन आत शिरावे, ही त्यांची मुख्य युक्ती. ते पात्रही बहुधा अडचणीत सापडलेले, मुलांची मदत मागणारे.

ही युक्ती चिमणी-कावळ्याच्या गोष्टीत सहज पाहता येते. शेणाचे घर पावसात वाहून गेलेला कावळा चिमणीच्या मेणाच्या घराशी येतो, पण ती सबबी सांगत दार उघडत नाही. बाक कडेला सरकतात, दोन मुले हात धरून दार होतात. पहिल्या खेळात मुले ऐकलेलीच वाक्ये म्हणतात आणि हसतात. मग खेळ थांबवून प्रश्न येतो: कावळा बाहेर किती वेळ उभा होता? दाराच्या फटीतून त्याला काय दिसत होते? दुसऱ्या खेळात कावळा कमी बोलतो, कुडकुडतो जास्त. चिमणीची सबब तिलाच अवघड वाटू लागते. तिसऱ्या वेळी बाई डोक्यावर पदर घेऊन साळुंकी होतात: ‘‘माझं घरटं एवढंसं, याला ठेवू कुठं? तुम्हीच सांगा.’’ सगळा वर्ग झाडावरचे पक्षी होऊन सभा भरवतो. एरवी हात वर न करणारी मुलेही इथे बोलतात, कारण उत्तर माहीत नसणारी व्यक्ती या वेळी बाईच असते. वर्गनाट्याचे खरे बळ या उलटापालटीत आहे. वेशभूषा आणि नेपथ्य एका ओढणीवर भागते.

भारतात रवींद्रनाथ ठाकूरांनी शांतिनिकेतनातील मुलांसाठी ‘शारदोत्सव’ (1908) लिहिले. गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’मधील शिक्षक मुलांना गोष्टी ऐकवतो आणि त्यांच्याकडून त्या नाट्यरूपात खेळवून घेतो. भावनगरला गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी हा बालशिक्षणविचार महाराष्ट्रात, बोर्डी आणि कोसबाडपर्यंत नेला. राष्ट्रीय नाट्यविद्यालयाने 1989 मध्ये शिक्षणातील नाट्यासाठी स्वतंत्र पथक उभे केले. मराठीत मात्र जोर बालरंगभूमीवर राहिला: सुधा करमरकरांची लिटल थिएटर (1959), रत्नाकर मतकरींची नाटके आणि पुण्यात 1986 पासून मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने रुजलेले ‘ग्रिप्स’. तिकिटाची ही रंगभूमी संपन्न झाली, पण तिचा वर्गाच्या तासाशी संबंध थोडाच आला. छबिलदास शाळेत शिकवणाऱ्या सुलभा देशपांडे यांच्यासारखी शाळा आणि रंगभूमी दोन्हीकडे वावरलेली माणसे विरळाच.

या पद्धतीवर आक्षेपही आहेत. डेव्हिड हॉर्नब्रुक यांनी 1989 मध्ये टीका केली, की अनुभवावर भर देताना नाट्यकलेचे शिक्षणच हरवते; मुलांना नाटके वाचायला, पाहायला आणि नीट बसवायलाही शिकवले पाहिजे. आक्षेपात तथ्य आहे, मात्र पहिली-दुसरीच्या वर्गाला तो फारसा लागू पडत नाही. व्यवहारातल्या अडचणी वेगळ्या: पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास, साठ मुले आणि शेजारच्या वर्गातून येणारी गोंगाटाची तक्रार. म्हणून अनुभवी शिक्षक आधी थांबण्याची खूण पक्की करतात. डफावर एक थाप पडली की जो जिथे असेल तिथे पुतळा. ही खूण अंगवळणी पडेपर्यंत गोष्टीला हात घातला जात नाही.