वसा-अमिर्झा ते सात रंगांची किट: सिस्टरला काय शिकवलं, काय राहिलं

मंडळी, विषय चारचौघांत न बोलण्याचा आहे, म्हणूनच लिहितोय.

जानेवारी १९८९. ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या वैद्यकीय साप्ताहिकात आपल्या गडचिरोलीतल्या दोन खेड्यांचा अभ्यास छापून आला. गावं वसा आणि अमिर्झा. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी ६५० बायकांची तपासणी केली होती. ९२ टक्के जणींना स्त्रीरोग किंवा संबंधांतून होणारा काही ना काही आजार निघाला. एकेकीला सरासरी ३.६ आजार. आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या किती? फक्त ८ टक्के.

९२ चा आकडा पुढे जगभर गाजला. मला मात्र त्याच अभ्यासातला ५५ हा आकडा जास्त बोलका वाटतो. तक्रार आहे असं सांगणाऱ्या बायका एवढ्याच होत्या. बाकीच्यांपैकी बहुतेकींना तपासल्यावर आजार सापडला. काही आजारांना लक्षणच नसतं. आणि अंगावरून पांढरं जाणं हे तर ‘बाईच्या जातीला चालायचंच’ म्हणून सोडून दिलेलं. दुखणंच वाटत नाही, तर सांगणार काय?

त्या काळात गावोगाव नर्सबाई होत्याच की! पण त्यांना विचारलं जायचं ते ऑपरेशनच्या केसेस किती, तांब्या किती बसवल्या. कुटुंबनियोजनाचं टार्गेट देशभरातून निघालं १९९६ साली. १९९७ ला प्रजनन व बाल आरोग्य कार्यक्रम आला आणि जननमार्गाचे संसर्ग सरकारी कामाच्या यादीत बसले. एड्सच्या भीतीनेही या कामाला जोर आला, हे खरं बोलायला हवं.

मग आली लक्षणांवरून उपचाराची पद्धत. प्रयोगशाळा नाही, तरी तक्रार ऐकायची, तक्ता बघायचा, औषध द्यायचं. त्यासाठी ‘नॅको’ने सात रंगांची किट काढली. स्राव जात असेल तर करडं किंवा हिरवं, ओटीपोट दुखत असेल तर पिवळं. डॉक्टर आणि नर्सेसची प्रशिक्षणं याच तक्त्यांवर झाली. वाईट नव्हती, शहरात न जाता, त्याच दिवशी औषध मिळायला लागलं.

पण तक्ता सुरू होतो बाईच्या तक्रारीपासून. जी बोलतच नाही, तिच्यासाठी त्यात रकानाच नाही. वसा-अमिर्झानं दाखवलेली अडचण तर नेमकी तीच होती. शिवाय नुसत्या स्रावावरून गर्भाशयाच्या तोंडाचा संसर्ग ओळखणं कच्चं ठरतं, कुणाला औषध उगाच जातं, कुणाचं राहून जातं. म्हणून आत तपासणं आलं. त्याला टेबल लागतं, उजेड लागतो, पडदा लागतो.

आणि करड्या किटच्या वेळी नवऱ्यालाही औषध द्यावं लागतं, नाहीतर आजार परत फिरून येतो. सोबत सासू बसलेली असते. नवरा गावात सिस्टरला रोज भेटणारा. त्याला बोलवायचं कसं, कोणत्या शब्दांत? औषधाचा डोस पाठ करून हे येत नाही. ते समोरासमोर बोलून, चुकून, पुन्हा करूनच शिकावं लागतं.

आपल्या तालुक्यातल्या सिस्टर आणि आशाताई ही पोस्ट वाचत असतील. कमेंटमध्ये नको, इनबॉक्समध्ये लिहा: शेवटचं प्रशिक्षण कधी झालं, त्यात बोलण्याचा सराव होता का, आणि तुमच्या उपकेंद्रात पडदा आहे का? नाव कुणाचंही येणार नाही.