व्यवसाय व्यवस्थापन सॉफ्टवेअरमधील वापरकर्ता-अधिकारांचे नियंत्रण : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
आज उद्योगसंस्था, बँका आणि महाविद्यालयांची कार्यालये यांतील खरेदी, विक्री, वेतन व हिशेब यांच्या नोंदी संगणकीय प्रणालीत होतात. या प्रणालीत कोणी कोणती माहिती पाहावी, कोणी नोंद करावी, कोणी ती मंजूर करावी आणि कोणी ती दुरुस्त करावी हे ठरविणाऱ्या व्यवस्थेस वापरकर्ता-अधिकारांचे नियंत्रण असे म्हणता येईल. हा विषय सामान्यतः संगणक विभागाचा समजला जातो. तो मूलतः हिशेबशास्त्राचा व प्रशासनाचा विषय आहे आणि ज्या संस्थांनी त्याकडे केवळ तांत्रिक बाब म्हणून पाहिले त्यांना जबर नुकसान सोसावे लागले, असे प्रतिपादन प्रस्तुत शोधनिबंधात केले आहे.

उद्दिष्टे :
१) अधिकार-नियंत्रणाच्या संकल्पनेचा ऐतिहासिक विकास अभ्यासणे.
२) नियंत्रणातील त्रुटींमुळे घडलेल्या निवडक घटनांचे विश्लेषण करणे.

संशोधन पद्धती :
प्रस्तुत अभ्यास दुय्यम साधनांवर आधारलेला असून त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

संगणकपूर्व पार्श्वभूमी :
एकाच व्यक्तीच्या हाती सर्व अधिकार असू नयेत हे तत्त्व संगणकाहून कितीतरी जुने आहे. शिवकालीन किल्ल्यांवर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे स्वतंत्र अधिकारी असत. किल्ल्याच्या किल्ल्या हवालदाराकडे, हजेरी व हिशेब सबनिसाकडे, तर धान्य व सामानसुमान कारखानिसाकडे असे. पेढीवर किंवा कचेरीतही रोकड सांभाळणारा आणि कीर्द-खतावणी लिहिणारा हे दोघे वेगळे असावेत, असा दंडक होता. पुढे संगणकाला हेच तत्त्व नव्याने शिकावे लागले.

पासवर्ड ते किमान अधिकार :
अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेल्या सीटीएसएस या प्रणालीचे प्रात्यक्षिक १९६१ मध्ये झाले. एकाच संगणकावर अनेकजण काम करू लागल्याने प्रत्येकास स्वतंत्र पासवर्ड देण्यात आला. १९६२ मध्ये तेथील संशोधक अॅलन शेर यांनी संगणकावर अधिक वेळ मिळावा म्हणून पासवर्डची संपूर्ण यादीच छापून घेतली. ती फाइल छापण्याची विनंती यंत्राने निमूटपणे मान्य केली होती. वापरकर्ता कोण हे ओळखणे आणि त्याला काय करता येईल हे ठरविणे या दोन स्वतंत्र बाबी आहेत, हे या घटनेतून दिसून येते.

त्यानंतरच्या मल्टिक्स प्रणालीत प्रत्येक फाइलसोबत ती कोणी वाचावी व कोणी बदलावी याची यादी जोडण्यात आली. १९७५ मध्ये जेरोम साल्टझर व मायकेल श्रोडर यांनी आपल्या प्रसिद्ध निबंधात किमान अधिकाराचे तत्त्व मांडले. कामासाठी जेवढा आवश्यक तेवढाच अधिकार प्रत्येकास असावा, असा त्याचा आशय होय. महत्त्वाच्या कृतीसाठी दोन किल्ल्यांची गरज असावी, असेही त्यांनी सुचविले.

लष्करी गुप्तता आणि व्यापारी सचोटी :
१९७० च्या दशकात या क्षेत्रावर लष्करी विचारांचा प्रभाव होता. १९७३ मध्ये पुढे आलेल्या बेल-लापाडुला प्रतिमानाचा भर गुपिते फुटू नयेत यावर होता. तथापि व्यापाऱ्याची मुख्य चिंता वेगळी असते. हिशेब कोणी पाहिला यापेक्षा तो कोणी खोटा केला, हा प्रश्न त्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा असतो. १९८७ मध्ये डेव्हिड क्लार्क आणि डेव्हिड विल्सन यांनी हा भेद स्पष्ट केला. क्लार्क हे संगणकशास्त्रज्ञ होते, तर विल्सन एका लेखापरीक्षण संस्थेत कार्यरत होते. नोंद ठरावीक व्यवहारांच्या चौकटीतूनच बदलावी आणि व्यवहाराचे टप्पे भिन्न व्यक्तींकडे असावेत, ही त्यांची मांडणी थेट हिशेबाच्या परंपरेतून आलेली होती.

१९९२ मध्ये डेव्हिड फेरायोलो व रिचर्ड कुन यांनी भूमिकाधिष्ठित नियंत्रणाचे प्रतिमान मांडले. त्यानुसार अधिकार व्यक्तीला न देता रोखपाल, लेखापाल, खरेदी अधिकारी अशा पदाला द्यावयाचा असतो. व्यक्तीची बदली झाली की भूमिका काढून घेता येते. मुंबईच्या आयआयटीचे पदवीधर रवी संधू व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये या प्रतिमानाचा विस्तार केला आणि २००४ मध्ये त्यास अमेरिकेत राष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

नियंत्रणातील त्रुटी : दोन घटना
१७६२ मध्ये स्थापन झालेली लंडनची बेअरिंग्ज बँक फेब्रुवारी १९९५ मध्ये बुडाली. तिच्या सिंगापूर कार्यालयात निक लीसन हा सौदेही करीत असे आणि त्या सौद्यांच्या हिशेबावरही त्याचेच नियंत्रण होते. ८८८८८ क्रमांकाच्या खात्यात त्याने तोटा दडविला. या खात्याचा तपशील लंडनला जाणाऱ्या दैनंदिन अहवालांत येऊ नये म्हणून त्याने सॉफ्टवेअरमध्ये बदल करवून घेतला होता. एकूण तोटा सुमारे ८२.७ कोटी पौंडांचा होता.

दुसरी घटना मुंबईची. पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाउस शाखेत सुमारे ११,४०० कोटी रुपयांचे संशयास्पद व्यवहार झाल्याचे फेब्रुवारी २०१८ मध्ये उघड झाले. प्रामुख्याने भारतीय बँकांच्या परदेशातील शाखांना स्विफ्ट प्रणालीद्वारे हमीचे संदेश जात होते. मात्र ही प्रणाली बँकेच्या मुख्य हिशेब प्रणालीशी जोडलेली नसल्याने त्या हमींची नोंद हिशेबात उमटत नव्हती. एका प्रणालीतील चोख नियंत्रण दुसऱ्या प्रणालीतून टाळता येत असेल तर ते निरर्थक ठरते. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने मार्च २०१८ मध्ये अशी हमीपत्रे देण्याची प्रथाच बंद केली.

कायद्याची भूमिका :
अमेरिकेत २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याने अंतर्गत नियंत्रणाची जबाबदारी व्यवस्थापनावर टाकली. भारतात कंपन्यांच्या लेखा सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची, बंद न करता येणारी नोंद राहावी, असा नियम २०२१ मध्ये करण्यात आला व तो १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला.

निष्कर्ष :
१) व्यावसायिक सॉफ्टवेअरमधील अधिकार-नियंत्रणाचे मूळ हिशेबाच्या जुन्या कर्तव्यविभाजनात आहे.
२) दोन्ही घटनांत पासवर्ड अस्तित्वात होते. उणीव होती ती अधिकारांच्या विभागणीची आणि प्रणालींच्या परस्पर जोडणीची.
३) भूमिका ठरविण्याचे काम संगणक विभागावर सोपविता येत नाही. ते व्यवस्थापनाने व लेखापालाने करावयाचे असते.

समारोप :
अनेक कार्यालयांत वरिष्ठांचा पासवर्ड लिपिकाला ठाऊक असतो आणि कामाच्या घाईत तो सर्रास वापरला जातो. यामागे परस्परांवरील विश्वासच असतो. परंतु गुणपत्रिकेतील एखादा गुण किंवा वेतनपत्रकातील एखादी रक्कम बदलली गेल्यास ती कोणी बदलली हे प्रणालीला सांगता येत नाही आणि संशयाचे बोट बहुधा सर्वांत कनिष्ठ कर्मचाऱ्याकडे वळते. अधिकारांची स्पष्ट मर्यादा संस्थेच्या पैशाचे रक्षण करते, तसेच त्या निरपराध लिपिकाचेही रक्षण करते. म्हणून प्रत्येक महाविद्यालयाने वर्षातून एकदा तरी, लेखापरीक्षणाच्या वेळी, कोणाच्या हाती कोणते अधिकार आहेत याची यादी तपासून पाहणे आवश्यक आहे.