विलायती दुखणं

मावशी मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात सिस्टर होती, एमआरआयचं नावही कुणी ऐकलं नव्हतं त्या काळात. तिच्या गोष्टींत दादरच्या पारशी कॉलनीतली एक पियानो शिकवणारी बाई हटकून यायची. तिशीच्या आतली. एके सकाळी तिला डाव्या डोळ्याने लाल रंग विटका दिसायला लागला, मग सगळंच धुरकट. महिन्याभरात डोळा आपोआप सुधारला. घरच्यांनी अगियारीत सुखड चढवलं आणि विषय मिटला. पुढे केव्हातरी पायातली चप्पल निसटून मागे राहायची, आणि बाईंना पत्ताच नसायचा.

डॉक्टरांनी तिला गरम पाण्याच्या टबात बसवायला सांगितलं. मावशी थर्मामीटर घेऊन शेजारी उभी. थोड्याच वेळात बाई म्हणाली, "सिस्टर, मारा पग क्यां गया?" दोघींनी बखोटीला धरून तिला बाहेर काढलं. अंग निवलं तसे पाय परत आले. "अगं, तपासणीच होती ती!" मावशी आम्हाला सांगायची, आणि आम्हा भाचरांना तो अघोरी प्रकार वाटायचा. पण तेव्हा जगभर हेच करत. मज्जातंतूंवरचं मायलिनचं वेष्टण जिथे झिजलेलं असतं तिथे अंग जरा तापलं तरी संदेश अडतो. श्रमाने नजर अंधुक होणारे असे रुग्ण जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्येच नोंदवले होते.

निदान झालं मल्टिपल स्क्लेरोसिस. वॉर्डात कुजबुज झाली, की हे तर विलायती दुखणं. पुस्तकं तसंच सांगत: पॅरिसमध्ये शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचं चित्र नीट मांडलं, आणि पुढे दिसलं की विषुववृत्तापासून जितकं लांब जावं तितके रुग्ण जास्त. मग घामाने निथळणाऱ्या मुंबईत हा कुठून आला?

याचा पाठपुरावा मुंबईतच झाला. डॉ. नोशिर वाडिया लंडनला शिकून आले आणि १९५७ मध्ये त्यांनी जे. जे. रुग्णालयात न्यूरॉलॉजी विभाग सुरू केला. डॉ. भीमसेन सिंघल यांच्याबरोबर त्यांनी १९७५ मध्ये मुंबई परिसरातल्या रुग्णांवर लेख प्रसिद्ध केला, तोही निव्वळ हातोडी, टाचणी आणि बारीक चौकशीच्या जोरावर. १९८८ मध्ये भरुचा आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या पारशांमधलं प्रमाण छापलं: लाखामागे सुमारे २१. १९९० मध्ये वाडियांनी मुंबई-पुण्याच्या पारशांचा आकडा दिला, २६. बाकी भारतात हा आजार विरळा मानला जात असताना हे प्रमाण दक्षिण युरोपाच्या पंगतीला बसणारं होतं.

इथे मावशीच्या पेशंटची आजी आठवते. उशाशी बसून ती संजाणची गोष्ट सांगायची: तिथल्या राण्याने दुधाने काठोकाठ भरलेला वाडगा पाठवला, पारशांनी त्यात साखर विरघळवून परत केला. गंमत म्हणजे १६०० च्या सुमारास लिहिलेल्या 'किस्सा-ए-संजाण'मध्ये हा वाडगा नाहीच. तो घराघरांतल्या आज्यांनी जपला. संशोधकांना मात्र त्या गोष्टीतला दुसरा भाग कामाचा होता: पारशी मूळचे इराणातून आलेले. हजारेक वर्षं हवा-पाणी गुजरात-मुंबईचं, सोयरीक आपसातच. म्हणजे हा दोष नुसता थंडीचा नसावा, थोडा वंशातून आलेलाही असावा. २००६ मध्ये इराणमधल्या इस्फहानच्या पाहणीत लाखामागे पस्तिसाच्या आसपास रुग्ण निघाले, तेव्हा या तर्काला बळ मिळालं.

तरी मी या आकड्यांवर उड्या मारणार नाही. पारशांची संख्या मुळात लहान. दोन-चार रुग्ण इकडेतिकडे झाले तरी प्रमाण हलतं. शिवाय ते शिकलेले, शहरात राहणारे, डॉक्टरकडे लवकर जाणारे. मोजायला सोपे. पुढे २००४ मध्ये एक नवं प्रतिपिंड सापडलं आणि डोळे व मज्जारज्जू धरणारे आशियातले काही जुने 'एमएस' वेगळ्याच आजारात गेले.

त्याच वॉर्डात परळच्या गिरणीतला एक कामगारही होता. कमरेखाली बधिर होऊन आलेला, वर्षभरापूर्वी एक डोळाही अधू झालेला. केसपेपरवर 'मज्जारज्जूचा दाह' एवढंच लिहिलं गेलं. पाय थोडे चालायला लागले तसा तो गावी गेला, भात लावायला. मावशीने त्याला फेरतपासणीचं कार्ड दिलं होतं. तो आला नाही, आणि तेव्हा रत्नागिरीच्या खेड्यांतून घरोघर असे रोगी शोधत हिंडणारं कुणी नव्हतं.