जुना डेस्कटॉप गेमिंगसाठी अपग्रेड करायचाय? ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी हे तपासा

वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव यांसारख्या गावांतल्या अनेक घरांत आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेला एक डेस्कटॉप असतो. कधी तो एमएस-सीआयटी आणि टॅलीच्या सरावासाठी आणलेला असतो, तर कधी एखाद्या ऑफिसातून निघालेला सेकंडहँड. आता त्यावर घरातल्या मुलांना व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ किंवा जीटीए ५ खेळायचं असतं. गेम अडखळायला लागला की पहिला विचार येतो तो ग्राफिक्स कार्डाचा.

पण जुन्या बजेट कॉम्प्युटरमध्ये ग्राफिक्स कार्ड ही बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी घ्यायची वस्तू असते. आधी ते घेतलं तर पैसे जाऊनही गेम अडखळतच राहतो. एसएमपीएस हलक्या दर्जाचा असेल, तर नवं कार्ड आणि जुना मदरबोर्ड दोन्ही एकदम जाऊ शकतात. वर्ध्याचं ऊन आणि विजेचा कमी-जास्त होणारा दाब यांनी हा धोका आणखी वाढतो.

मग सुरुवात कुठून करायची आणि खर्च कुठे थांबवायचा?

अडखळतंय नेमकं काय?

यासाठी कुठलाही पार्ट विकत घ्यावा लागत नाही. गेम सुरू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या 'परफॉर्मन्स' भागात चार गोष्टी बघायच्या.

- रॅम ९० टक्क्यांच्या वर आणि डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल, तर रॅम कमी पडतेय आणि कॉम्प्युटर हार्डडिस्कवर काम ढकलतोय.
- प्रोसेसर १०० टक्क्यांवर आणि ग्राफिक्स निम्म्यावर असेल, तर प्रोसेसर मागे पडतोय. अशा वेळी महागडं कार्ड लावूनही फारसा फरक पडत नाही.
- ग्राफिक्स ९५ टक्क्यांच्या वर आणि प्रोसेसर निवांत असेल, तरच ग्राफिक्स कार्डाची खरी गरज आहे.
- पहिली दहा मिनिटं गेम नीट चालतो आणि मग अडखळतो, असं होत असेल तर संशय उष्णतेवर घ्यावा.

त्यानंतर सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर टाकून प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅमचा प्रकार लिहून घ्यावा. पुढचे सगळे निर्णय या तीन नोंदींवर अवलंबून असतात.

पहिला खर्च: एसएसडी आणि रॅम

जुन्या कॉम्प्युटरमध्ये सगळ्यात ठळक फरक एसएसडीने पडतो. साधी हार्डडिस्क सेकंदाला १०० ते १५० एमबीच्या आसपास डेटा वाचते. साधी साटा एसएसडी ५०० एमबीपर्यंत जाते. इंटेलच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरसोबत सर्रास मिळणाऱ्या एच६१ मदरबोर्डवर साटाचा वेगच निम्मा असतो, त्यामुळे तिथे हा आकडा अडीचशेच्या थोडा वर थांबतो. तरीही एसएसडी घेणं फायद्याचं ठरतं, कारण विखुरलेल्या छोट्या फायली शोधायला तिला फिरती तबकडी लागत नाही. या बोर्डांसाठी साटा एसएसडीच घ्यावी. त्यांच्यावर एनव्हीएमईचा स्लॉट नसतो.

मात्र एसएसडीने गेम लवकर उघडतो, त्याचे एफपीएस वाढत नाहीत.

रॅमच्या बाबतीत आजचा किमान आकडा ८ जीबी आहे. काउंटर-स्ट्राइक २ ची अधिकृत किमान अटही तेवढीच आहे. १६ जीबी असेल तर ब्राउझर आणि डिस्कॉर्ड सुरू ठेवूनही खेळता येतं. इथे एक बारकावा आहे. ८ जीबीची एकच पट्टी लावण्यापेक्षा ४-४ जीबीच्या दोन सारख्या पट्ट्या लावल्या, तर मेमरी दोन वाटांनी काम करते. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल, तर प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच मेमरी वापरतं, त्यामुळे तिथे फरक स्पष्ट दिसतो.

डीडीआर३ आणि डीडीआर४ यांची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकाची पट्टी दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही. २०२५ च्या अखेरपासून एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे जगभर मेमरी महागली आहे. मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रूशिअल' हा सर्वसामान्य ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करण्याची घोषणा केली. त्यामुळे जुन्या किमती गृहीत धरून बजेट आखू नये.

प्रोसेसर: त्याच सॉकेटमधला मोठा भाऊ

एलजीए ११५५ सॉकेटवर दोन कोअरचा आय३ असेल, तर त्याच जागी चार कोअरचा आय५-३४७० किंवा आय७-३७७० बसू शकतो. हे प्रोसेसर २०१२ सालचे आहेत आणि सेकंडहँड बाजारात मिळतात. काही एच६१ बोर्डांना तिसऱ्या पिढीसाठी आधी बायोस अपडेट करावं लागतं.

पण इथे एक भिंत आहे. 'एव्हीएक्स२' ही सूचनावली इंटेलने २०१३ च्या चौथ्या पिढीपासून दिली. काही नवे गेम तिच्याशिवाय सुरूच होत नाहीत. म्हणजे आय७-३७७० कितीही दमदार वाटला, तरी अशा गेमपुढे त्याचा उपयोग नाही.

एएमडीच्या एएम४ सॉकेटवाल्यांची स्थिती सर्वांत चांगली आहे. पहिल्या पिढीच्या रायझनसोबत आलेल्या अनेक बोर्डांवर बायोस अपडेटनंतर रायझन ५००० मालिकेचे प्रोसेसर चालतात. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर चालणाऱ्या प्रोसेसरची यादी असते. ती बघूनच खरेदी करावी.

एसएमपीएस: डब्यावरचे वॅट आणि खरे वॅट

स्वस्त कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर '४५० वॅट' लिहिलेलं असतं. त्या आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी बाजूचं लेबल वाचावं. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः १२ व्होल्टच्या लाइनवर चालतात. त्या लाइनपुढे १६ अँपिअर लिहिलं असेल, तर १२ गुणिले १६ म्हणजे फक्त १९२ वॅट खऱ्या उपयोगाचे. बाकीचे वॅट गेमिंगच्या कामाचे नसतात.

कार्ड घ्यायचं ठरलं असेल, तर '८० प्लस' प्रमाणित आणि नावाजलेल्या कंपनीचा एसएमपीएस आधी घ्यावा. उद्या कॉम्प्युटर बदलला तरी तो पुढे वापरता येतो.

ऑफिसातून निघालेल्या ब्रँडेड कॉम्प्युटरमध्ये वेगळी अडचण असते. डेलच्या ऑप्टिप्लेक्स आणि एचपीच्या प्रोडेस्क, एलिटडेस्क मालिकेतल्या अनेक मॉडेलमध्ये मदरबोर्डचा वीज कनेक्टर नेहमीच्या २४ पिनचा नसतो. बाजारातला एसएमपीएस त्यांना अडॅप्टरशिवाय लागत नाही. कॅबिनेट अरुंद असेल, तर कार्डही 'लो प्रोफाइल' म्हणजे कमी उंचीचंच लागतं. दुकानात जाण्याआधी कॅबिनेट उघडून फोटो काढून नेलेला बरा. एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब राहू शकतो.

कार्ड कोणतं घ्यावं?

मदरबोर्डच्या स्लॉटमधून ग्राफिक्स कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. जुन्या कॉम्प्युटरसाठी याच मर्यादेत चालणारं कार्ड सुरक्षित असतं.

- जीटीएक्स १०५० टीआय: २०१६ सालचं, ४ जीबीचं. सेकंडहँड बाजारात सहज मिळतं. पण एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर या पिढीच्या कार्डांना नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं थांबवलं आहे. पुढे फक्त सुरक्षेचे अपडेट येतील.
- जीटीएक्स १६५०: २०१९ सालचं, तेही ४ जीबीचं. याच्या काही मॉडेलना वेगळा सहा पिनचा कनेक्टर लागतो, काहींना लागत नाही. घेताना बघून घ्यावं.
- आरटीएक्स ३०५० ची ६ जीबी आवृत्ती: २०२४ ची, ७० वॅटची. या तिघांत सर्वांत दमदार. दहा-बारा वर्षं जुन्या बोर्डावर मात्र बायोसमुळे ते सुरू होईलच असं नाही, म्हणून दुकानातच लावून बघावं.
- आरएक्स ६४००: फक्त ५३ वॅट घेतं, पण बोर्डाशी चारच लेनने जोडलं जातं. जुन्या बोर्डांवर त्या लेनचा वेग कमी असल्याने कार्ड पूर्ण ताकदीने चालत नाही.
- इंटेल आर्क: 'रिसायझेबल बार' ही सोय नसलेल्या जुन्या बोर्डांवर याचा वेग बराच घटतो.

मॉनिटरकडेही लक्ष द्यावं. नव्या कार्डांवर जुना व्हीजीए पोर्ट नसतो, त्यामुळे कन्व्हर्टर लागतो. १३६६ बाय ७६८ चा जुना मॉनिटर मात्र लगेच बदलण्याची घाई नको. त्यावर सुमारे साडेदहा लाख पिक्सेल असतात, तर फुल एचडीवर सुमारे पावणेएकवीस लाख. निम्मे पिक्सेल म्हणजे कार्डावरचा भारही बराच कमी.

सेकंडहँड कार्ड घेताना

वर्ध्याहून अनेक जण सुट्या भागांसाठी नागपूर गाठतात किंवा ऑनलाइन मागवतात. कुठूनही घेतलं, तरी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली, क्रिप्टो मायनिंग. इथेरियमने सप्टेंबर २०२२ मध्ये आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग थांबलं. त्यानंतर मायनिंगमध्ये दिवसरात्र राबलेली कार्डं मोठ्या प्रमाणात सेकंडहँड बाजारात आली. असं प्रत्येक कार्ड वाईट नसतं, पण पंखे आणि थर्मल पेस्ट तपासावी लागते.

दुसरी, बनावट कार्डं. खूप जुन्या चिपवर बायोस बदलून तिला १०५० टीआय म्हणून विकण्याचे प्रकार जगभर झाले आहेत. जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर अशी अनेक कार्डं ओळखून नावापुढे 'फेक' असं दाखवतं. पैसे देण्याआधी हे सॉफ्टवेअर चालवायला आणि पंधरा-वीस मिनिटं गेम चालवून बघायला सांगावं.

वर्ध्याचं ऊन, कूलर आणि कापूस

पंखा कॉम्प्युटरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली २५ अंशांवर असताना प्रोसेसर ७० अंशांवर राहत असेल, तर खोली ४० अंशांवर गेल्यावर तोच प्रोसेसर ८५ च्या घरात जातो. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो, तेव्हा पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत हेच घडतं. तापमान मर्यादेजवळ गेलं की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. हिवाळ्यात छान चालणारा गेम उन्हाळ्यात अडखळतो, त्यामागे बहुतेकदा हेच कारण असतं. कपॅसिटरबाबत अभियंते एक ढोबळ नियम सांगतात: तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्म्यावर येतं.

म्हणून प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलणं आणि कॅबिनेटला मागे एक पंखा लावणं, हे सगळ्यात स्वस्त अपग्रेड आहे.

विदर्भात उन्हाळा कूलरवर निघतो. खोली थंड झाली तर कॉम्प्युटरलाही फायदा होतो, पण कॅबिनेट थेट कूलरच्या झोतात ठेवू नये. ओलसर हवा, उडणारे थेंब आणि पाण्यातले क्षार बोर्डावर बसतात. कापूस वेचणीनंतर भाव वाढण्याची वाट बघत अनेक शेतकरी घरातच कापूस साठवतात. त्याचे बारीक तंतू हीटसिंकच्या फटींमध्ये नमद्यासारखे बसतात. अशा घरात महिन्यातून एकदा ब्लोअरने सफाई करावी. त्या वेळी पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. कॅबिनेट उघडण्याआधी प्लग काढून धातूच्या भागाला हात लावावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते.

लाइट गेली तर?

गावात डीपीवर भार वाढला की विजेचा दाब खाली-वर होतो. ६०० व्हीए क्षमतेचा साधा यूपीएस सुमारे ३६० वॅटचा भार पेलतो, तोही काही मिनिटंच. गेम सेव्ह करून कॉम्प्युटर नीट बंद करण्यापुरता हा वेळ असतो. खोलीत अर्थिंग नीट आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावं. मान्सूनपूर्व वादळात विजा कडाडत असतील, तर प्लग आणि इंटरनेटची केबल दोन्ही काढून ठेवणं हाच खात्रीचा उपाय आहे.

विंडोजचा प्रश्न

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. घरगुती वापरकर्त्यांसाठी नोंदणी करून मिळणारे सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहेत. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा रायझन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. नियमांना वळसा घालून जुन्या मशीनवर विंडोज ११ टाकणारे आहेत. पण व्हॅलोरंटची चीटिंगविरोधी यंत्रणा विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागते, त्यामुळे तिथे अडायला होतं.

कुठे थांबायचं?

सगळ्यात आधी सफाई आणि थर्मल पेस्ट, मग एसएसडी, मग रॅम, त्यानंतर एसएमपीएस आणि शेवटी कार्ड, असा क्रम ठेवला तर प्रत्येक टप्प्यावर थांबून बघता येतं. अनेकांचं काम पहिल्या तीन टप्प्यांतच भागतं.

दुसरी ते सातवी पिढी असेल आणि प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस, कार्ड असं सगळंच बदलावं लागणार असेल, तर त्या बेरजेची तुलना आठव्या पिढीच्या रिफर्बिश्ड कॉम्प्युटरच्या किमतीशी करावी. खर्च त्याच्या निम्म्यावर गेला, तर जुन्या बोर्डात आणखी पैसे घालू नयेत. त्याआधी घेतलेली साटा एसएसडी, आणि वीज कनेक्टर व कॅबिनेट जुळत असतील तर एसएमपीएस आणि कार्डही नव्या मशीनमध्ये नेता येतं. डीडीआर३ रॅम आणि जुना प्रोसेसर मात्र तिथेच राहतात. म्हणून कोणताही पार्ट घेताना तो पुढच्या कॉम्प्युटरमध्ये चालेल का, हा प्रश्न आधी विचारावा.