आजव्याचे पाणी आणि बडोद्याची खानेसुमारी

माल्थस या इंग्रज धर्मोपदेशकाने १७९८ साली अन्न आणि लोकसंख्या यांचा जो सिद्धांत मांडला, तो पडताळून पाहण्यास आम्हां बडोदेकरांना दूर जावे लागत नाही. शहराच्या पूर्वेस आजव्याचा तलाव आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी तो बांधविला व १८९२ साली पुरा झाला. आदल्या वर्षीच्या खानेसुमारीत शहराची वस्ती भरली होती १,१६,४२०; तलावाचा अंदाज मात्र तीन लाख माणसांचा धरला होता. इतके पुढचे पाहणारी नगरपालिका आज विरळाच!

दैवाची गती अशी की, पुढील तीस वर्षे शहर वाढण्याऐवजी रोडावत गेले. गुजरातेत ‘छप्पनिया’ म्हणून आजही ज्याचे नाव काढतात तो १८९९-१९०० चा दुष्काळ पडला, प्लेग आला, १९१८ साली इन्फ्लुएंझा आला. संस्थानची लोकसंख्या १८९१ मध्ये २४ लाख होती, ती १९०१ मध्ये साडेएकोणीस लाखांवर आली. आणि १९२१ साली शहरात उरली ९४,७१२ माणसे. माल्थसचे अनुयायी म्हणतील, हाच तो निसर्गाचा अंकुश. आमचा पेशा वकिलीचा. आम्हांस हा पुरावा अपुरा वाटतो. माणसे फार झाली म्हणून छप्पनिया पडला नाही. पाऊस गेला, पीक बुडाले, आणि ज्याच्या गाठी पैसा नव्हता तो आधी गेला.

महाराजांच्या काळचा अंदाज खरा ठरला तो १९६१ च्या सुमारास. शहर तेव्हा तीन लाखांच्या उंबरठ्यावर आले. मग कारखाने आले, आणि २०११ च्या गणतीत आकडा सोळा लाखांपलीकडे गेला. तरी शहर तहानेने मेले नाही. महीच्या पात्रात विहिरी खोदल्या, पुढे नर्मदेच्या कालव्याचे पाणी घेतले. येथे माल्थस हरला, असे म्हणण्याचा मोह होतो खरा. पण हे पाणी आकाशातून पडलेले नव्हे. सरदार सरोवराच्या जलाशयात आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील मणिबेलीसारखी आदिवासी गावे बुडाली, आणि तेथील काही कुटुंबे तेव्हाच्या बडोदे जिल्ह्यातच, परवेटा येथे, आणून वसविण्यात आली.