सीमेवरचा माणूस : कथात्म साहित्यातील ओळखीचा प्रश्न



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या स्मृतीस प्रथम अभिवादन करतो. आजचा विषय वरवर पाहता वाङ्मयाचा आहे. परंतु मी इतिहासाचा विद्यार्थी असल्याने त्याकडे इतिहासाच्या वाटेनेच जाणार आहे. परिसर आणि संस्कृती माणसाची ओळख कशी घडवितात, आणि ती घडण कथा-कादंबऱ्यांतून कशी प्रकट होते, हा तो विषय. बीदर आणि कलबुर्गी या आपल्या दोन जिल्ह्यांच्या भूमीवर उभे राहून त्याचा विचार करावा, असा माझा मानस आहे.

साहित्यकृतीच्या मुळाशी वंश, परिसर आणि काळ या तीन शक्ती असतात, असा सिद्धान्त फ्रेंच विचारवंत इपोलित तेन याने एकोणिसाव्या शतकात मांडला. मराठी समीक्षेने तो पुष्कळ चर्चिला. आपल्याकडे प्रादेशिक कादंबरी बहरली, तेव्हा त्याची जणू प्रचीतीच आली. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘गारंबीचा बापू’ (१९५२) मधला बापू कोकणाबाहेर संभवत नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ची (१९५५) माणसे माणदेशाच्या माळापासून वेगळी काढता येत नाहीत. मात्र या कादंबऱ्यांमागे एक गृहीत आहे. प्रदेश एक, भाषा एक आणि त्या भाषेची एक बोली. त्या बोलीत माणूस जन्मतो, वाढतो व मरतो. जिथे घरात एक भाषा, बाजारात दुसरी आणि कचेरीत तिसरी असते, तिथल्या माणसाला हे माप पुरे पडत नाही. आपला प्रदेश नेमका तसा आहे.

याची साक्ष फार जुनी आहे. बसवकल्याण ही चालुक्यांची राजधानी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ ११२९ च्या सुमाराचा. महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. कन्नड राजाच्या नावावरील संस्कृत ग्रंथात मराठी ओवीचा हा उल्लेख यावा, यातच या भूमीचा स्वभाव दिसतो. त्याच कल्याणात बाराव्या शतकात बसवण्णांची चळवळ उभी राहिली. पुढे १३४७ मध्ये गुलबर्गा आणि पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात बीदर ही बहमनी राजधानीची ठिकाणे झाली. इराणी पद्धतीची भूमिगत पाण्याची वाट, जिला आपण करेझ म्हणतो, ती बीदरच्या तांबड्या जांभ्या दगडात खोदली गेली. अष्टूरला अहमदशाह वलीच्या उरुसात आजही लिंगायत जंगमाला मान आहे. निजामाच्या राजवटीत कारभाराची भाषा उर्दू झाली. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते.

मग १ नोव्हेंबर १९५६ उजाडला. जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले. जहिराबाद व नारायणखेड यांचा बहुतेक भाग आंध्र प्रदेशात गेला. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग म्हैसूर राज्यात आला. पुढे १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्या वादात मला आज शिरायचे नाही. नकाशा काढणाऱ्यास गावावर एकच शिक्का मारावा लागतो, तो त्याचा नाइलाज असतो. कथाकारावर तशी सक्ती नसते. म्हणून नकाशाने जे सोडले, ते कथेने जपले आहे का, हे पाहणे अगत्याचे ठरते.

आपल्या भाषेतला ‘ओळख’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. मी कोण, ही माझी ओळख. आणि दुसऱ्याने मला ओळखणे, हीही ओळखच. हे दोन अर्थ एकमेकांपासून तोडता येत नाहीत. मी कोण आहे हे एकट्या माझ्या हाती नसते; भोवतालच्यांनी मला कोण म्हणून ओळखावे, यावर ते पुष्कळसे अवलंबून असते. या प्रदेशाने प्रसवलेल्या कथांचा गाभा हाच आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

पहिले उदाहरण ‘गुरुचरित्रा’चे. कलबुर्गी जिल्ह्यातले भीमा-अमरजा संगमावरचे गाणगापूर हे त्याचे केंद्र. ग्रंथकर्ते सरस्वती गंगाधर हे आळंद तालुक्यातील कडगंचीच्या साखरे घराण्याचे. त्यांची मातृभाषा कन्नड. आपल्याला मराठी नीट येत नाही, अशी कबुली ते ग्रंथातच देतात. तरीही त्यांनी मराठीत रचलेला हा ग्रंथ महाराष्ट्राच्या घराघरांत पारायणाचा झाला. त्याच्या एकेचाळिसाव्या अध्यायात कन्नड स्तोत्र जसेच्या तसे आहे. मराठी वाचक ते श्रद्धेने म्हणत आला आहे. दोन भाषांची ही सरमिसळ ग्रंथकर्त्याला उणीव वाटली असेल, पण ग्रंथाला ती बाधली नाही.

या ग्रंथात बीदरच्या यवन राजाची कथा आहे. कुरवपूरच्या एका रजकाने, म्हणजे परटाने, कृष्णेच्या पात्रात राजाचे वैभव पाहिले आणि त्याला त्याचा मोह पडला. श्रीपाद श्रीवल्लभांनी त्याला पुढील जन्मी तसे राज्य मिळेल असे सांगितले. तो बीदरनगरीत यवनकुळात जन्मला. राजा झाल्यावरही तो ब्राह्मणांचा आदर करी. त्याचे धर्मपंडित आक्षेप घेत, तेव्हा सर्वांचा कर्ता एकच आहे, असे तो उत्तर देई. पुढे मांडीला फोड आला, काही केल्या बरा होईना, म्हणून तो गाणगापुरी आला. गुरूंनी त्याला राजा म्हणून संबोधले नाही. रजक म्हणून हाक मारली. त्या हाकेसरशी त्याला पूर्वजन्म आठवला.

कथा राजाच्या वर्तनाचे कारण पूर्वजन्मीच्या संस्कारात शोधते. इतिहासाचा विद्यार्थी ते बहमनी काळाच्या परिसरात शोधील. अष्टूरच्या जंगमाकडे बोट दाखवील. परंतु ‘संस्कार’ या एकाच शब्दात या दोन्ही गोष्टी मावतात, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. जन्मापूर्वीचा ठसा तोही संस्कार, आणि घरादारातून पडणारे वळण तोही संस्कार. जुन्या कथाकाराला ‘परिसर’ हा पारिभाषिक शब्द ठाऊक नव्हता. पण माणसात त्याच्या दृश्य जन्माहून अधिक काही असते, हे त्याला पक्के ठाऊक होते.

दुसरी कथा दामाजीची. मंगळवेढे तेव्हा बीदरच्या अमलाखाली होते. दुष्काळात दामाजीने सरकारी धान्याची पेवे भुकेल्यांसाठी उघडली. बादशहाने त्याला पकडून आणण्याचा हुकूम सोडला. तेव्हा पंढरीचा विठ्ठल महाराचे रूप घेऊन बीदरच्या दरबारात गेला आणि धान्याचे मोल चुकते करून पावती घेऊन आला. महिपतीच्या ‘भक्तविजया’ने (१७६२) ही कथा घरोघर पोचविली. येथे देव वेश पालटतो, पण राजाचा किंवा पुरोहिताचा वेश घेत नाही. गावगाड्यात ज्याला वेशीबाहेर ठेवले होते, त्याची ओळख तो स्वीकारतो. त्याला पाहून बादशहा मोहित होतो. कथेने असे करून गावाला एक अवघड प्रश्न विचारला आहे. दरबाराने ज्याला पाहिले, त्याला गाव कधी पाहणार? हा प्रश्न कीर्तनातून शतकानुशतके ऐकला गेला. वेस मात्र जागची हलली नाही.

एकोणिसाव्या शतकात याच प्रदेशाशी निगडित असा एक परका कादंबरीकार आला. फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या नोकरीतला इंग्रज अधिकारी. १८४१ ते १८५३ या काळात तो सुरपूर संस्थानात होता. पूर्वी गुलबर्गा जिल्ह्यात मोडणारे सुरपूर आता यादगीर जिल्ह्यात आहे. त्याआधीच, १८३९ मध्ये, एका ठगाच्या कबुलीजबाबाच्या रूपातली त्याची कादंबरी प्रसिद्ध झाली होती. तिचा नायक अमीर अली. ठगांनी त्याच्या आईबापांना ठार मारले आणि त्याला त्यांच्यातल्याच एकाने मुलगा म्हणून वाढविले. ज्या हातांनी आईबाप मारले, त्याच हातांकडून तो माया आणि विद्या शिकला. ठगीला पुण्यकर्म मानू लागला. पुढे अजाणता तो सख्ख्या बहिणीचाही जीव घेतो. टेलरच्या दृष्टीत राज्यकर्त्याचा पूर्वग्रह आहेच. ठगीचे चित्र त्या काळच्या इंग्रजी अमलाला सोयीचे होते. पण रक्त एका घराचे आणि संस्कार दुसऱ्या घराचे असले तर माणूस कोणाचा, हा प्रश्न त्याने निर्दयपणे पुढे नेला. येथे पूर्वजन्म आठवून देणारा गुरू नाही. ओळख पटते ती फार उशिरा, आणि पटली तरी सुटका होत नाही.

विसाव्या शतकात शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’ने (१९८४) हा प्रश्न जमिनीवर आणला. ही कादंबरी नव्हे, आत्मकथन आहे. पण मराठी कथात्म गद्याला त्याने दिलेला धक्का इतका मोठा की त्याला वगळून ही चर्चा अपुरी राहील. अक्कलकोट तालुक्यातले हन्नूर हे त्याचे गाव; आळंद-अफजलपूरला लागून असलेला हा कन्नड-मराठी मुलूख. आई महार, बाप लिंगायत पाटील, आणि आजीच्या सोबतीने घर सांभाळणारा दादा मुसलमान. आपल्या प्रदेशातील सगळ्या संस्कृती त्या एका झोपडीत एकत्र नांदत होत्या. संमिश्र संस्कृतीचा गौरव करणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे नीट ध्यानात घ्यावे. त्या मुलाला या संमिश्रतेतून वैभव मिळाले नाही. शाळेच्या दाखल्यावर बापाचे नाव काय लावायचे, इथपासून त्याची परवड सुरू झाली. परिसराने त्याला घडविले खरे, पण आपला म्हणून ओळखले नाही. दामाजीच्या कथेने विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर होते, आणि ते वेशीबाहेरून आले.

ओळखीचा हा प्रश्न केवळ वाङ्मयीन नाही, हे १९४८ ने दाखवून दिले. त्या वर्षी बसवकल्याणजवळच्या गोरटा गावात रझाकारांनी केलेले हत्याकांड या भागात अजून विसरले गेलेले नाही. सप्टेंबरच्या पोलीस कारवाईनंतर मुसलमान वस्त्यांवर जे गुदरले, त्याची नोंद पंडित सुंदरलाल समितीने केली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोचल्याचे तिने नमूद केले. तो अहवाल सार्वजनिक होण्यास २०१३ साल उजाडावे लागले. त्या काही महिन्यांत नाव, दाढी, टिळा, बोलण्याची ढब यांवर माणसाचे मरण-जगणे ठरले. वर्षानुवर्षे एकाच विहिरीवर पाणी भरणाऱ्यांची दुसरी सगळी ओळख पुसली गेली आणि एकच उरली. दोन्ही बाजूंच्या या आठवणी एकाच कथेत, एकाच गावच्या म्हणून सांगणे ही येथील लेखकाची खरी कसोटी आहे. एकच बाजू सांगणारी कथा शिक्का मारणाऱ्याचेच काम पुढे चालविते.

अंधारच आहे असे मात्र मी म्हणणार नाही. सोलापूरच्या जयदेवीताई लिगाडे यांचे शिक्षण मराठीत झाले. लेखन त्यांनी कन्नडमध्ये केले. १९७४ मध्ये मंड्य येथील कन्नड साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा झाल्या, आणि आयुष्याची अखेर त्यांनी बसवकल्याणात घालविली. कडगंचीच्या सरस्वती गंगाधरांनी जी वाट एका दिशेने चालली, तीच वाट त्या उलट दिशेने चालल्या. कलबुर्गीच्या गीता नागभूषण यांनी तळच्या स्त्रियांचे जगणे तिथल्याच बोलीत मांडले. त्यांच्या ‘बदुकु’ या कादंबरीला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या कन्नडच्या लेखिका; पण ज्वारी-तुरीच्या रानातले ते कष्ट भालकी-निलंग्याच्या वाचकाला परके नाहीत.

या साऱ्यातून एक गोष्ट मला निश्चित दिसते. सीमेवरचा माणूस हा अर्धा मराठी आणि अर्धा कन्नड असा दोन तुकड्यांचा नसतो. तो पुरा असतो. अपुरे असते ते त्याला मोजण्याचे माप. सरस्वती गंगाधरांनी ‘मला नीट येत नाही’ म्हणत ज्या भाषेत लिहिले, त्या भाषेने त्यांना परके मानले नाही. आपल्या मुलांना मात्र पुण्याकडे गेल्यावर ‘तुमची मराठी कानडी वळणाची’ आणि बेंगळुरूकडे गेल्यावर ‘तुमचे कन्नड मराठी वळणाचे’ असे ऐकून घ्यावे लागते. आणि तीही हळूहळू दोन्हींकडे गप्प बसू लागतात. ही गप्प बसण्याची सवय मला सर्वांत धोक्याची वाटते. जी मुले बोलत नाहीत ती लिहीत नाहीत. आणि जिथे कोणी लिहीत नाही, तिथल्या माणसाची ओळख दुसरेच ठरवितात.

म्हणून समारोपात शाळेला आणि माजी विद्यार्थ्यांना दोन विनंत्या करतो. शाळेच्या ग्रंथालयात ‘गुरुचरित्र’, ‘अक्करमाशी’ आणि ‘बदुकु’ ही पुस्तके वेगवेगळ्या भाषांच्या कपाटांत न ठेवता एकाच फळीवर शेजारी ठेवावीत. त्या फळीला ‘आपला परिसर’ असे नाव द्यावे. आणि प्रत्येक माजी विद्यार्थ्याने आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांचे एक तरी कथन, ते ज्या सरमिसळ भाषेत सांगतात त्याच भाषेत, शुद्धलेखनाची भीती न बाळगता लिहून शाळेकडे द्यावे. १९४८ आणि १९५६ पाहिलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत. उद्याचा कादंबरीकार याच वर्गांतून निघायचा असेल, तर त्याच्यासाठी एवढी शिदोरी आपण बांधून ठेवली पाहिजे.