पेठच्या कोकणा शेतकऱ्याची वंशावळ : दप्तर, परंपरा व जनुकपरीक्षा

नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्याच्या कोकणा शेतकऱ्यांत अशी परंपरा आहे की, त्यांचे मूळपुरुष दुर्गादेवीच्या दुष्काळात (इ. स. १३९६–१४०८) उत्तर कोकणातून घाट चढून आले आणि ह्या डोंगराळ रानात वसले. इंग्रजी अमदानीतील जातिवर्णनांतही ही परंपरा नमूद झालेली आहे. परंतु जमातीच्या स्थलांतराची परंपरा ही एखाद्या घराची वंशावळ नव्हे. पहिलीचा पुरावा दुसरीला लागू पडत नाही, हे ध्यानात घेऊनच अशा शोधाला आरंभ करावा लागतो.

वंशावळीचा मार्ग वर्तमानाकडून मागे जातो. त्यात सर्वांत उपयोगी कागद म्हणजे फेरफाराची नोंदवही होय. १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीस प्रारंभ झाला. तदनंतर खातेदार मृत झाला की त्याच्या वारसांची नावे नोंदली जाऊ लागली. गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी व शाळेचे दाखलपुस्तक यांचा तिला आधार मिळतो. जो तीर्थास गेला, त्याचे नाव त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या नामावळीतही सापडण्याचा संभव असतो.

यापलीकडे वाट अरुंद होते. पेठ संस्थान १८७८ साली बेगमेच्या मृत्यूनंतर खालसा झाले. दळवी राजघराण्याची वंशावळ वारसाहक्काच्या वादांमुळे सरकारी कागदांत तपशिलाने आली. रयतेची येण्याचे तसे कारण नव्हते. नाशिकच्या पश्चिमेकडील डांगी गावांत सारा औतावर आकारला जाई. अशा आकारणीत औत धरणाऱ्याचे नाव कळते, शेताचा कायम क्रमांक कळत नाही. नागली-वरईसाठी जमीन पालटत जाणाऱ्या शेतकऱ्याचा माग त्यामुळे एका शेताला धरून काढता येत नाही. शिवाय जुन्या मोडी कागदांत ‘अमका बिन तमका’ एवढेच लिहिलेले असते. आडनाव पुष्कळदा नसतेच. जेथे असते, तेथेही पवार, जाधव, गायकवाड ही आडनावे अनेक जातींत समान आहेत.

जातीच्या रकान्यातही अडचण आहे. ‘कुणबी’ हा शब्द जातिवाचक, तसाच केवळ शेती करणारा या अर्थाचाही होता. एकाच घरातील आजोबा एका कागदात कुणबी व नातू दुसऱ्या कागदात कोकणा असा लिहिलेला आढळल्यास, वंश बदलला असे नव्हे, तर लेखनिकाचा शब्द बदलला, असाही निष्कर्ष संभवतो. त्याचा निर्णय शेजारच्या नोंदी पाहूनच करावा लागेल.

मग जनुकपरीक्षेने हा प्रश्न सुटेल काय? दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण येथे उद्‍बोधक आहे. पोर्फिरिया या रोगाने पीडित वसाहती शेतकरी कुटुंबांचा माग डॉ. जेफ्री डीन यांनी काढला व १६८८ साली केप येथे विवाहबद्ध झालेल्या गेरिट यान्स व आरियांत्ये याकोब्स या डच दांपत्यापर्यंत तो नेला. १९९६ मध्ये त्या रोगाचा जनुकीय बदल ओळखला गेला, आणि बहुतेक पीडित कुटुंबांत तो एकच असल्याचे दिसून आले. म्हणजे पूर्वज समान असल्याची साक्ष जनुकाने दिली. त्याचे नाव मात्र कागदांनीच पुरविले.

पेठेत तसे नाव पुरविणारे जुने कागदच विरळ आहेत. तीस वर्षांची एक पिढी धरल्यास दुर्गादेवीच्या दुष्काळापासून वीस पिढ्या होतात, व विसाव्या पिढीत एका माणसाच्या पूर्वजांची स्थाने १०,४८,५७६ भरतात. पित्याकडून पुत्राकडे जाणारे गुणसूत्र त्यांतील एकाचीच साक्ष देते. घाटाखालच्या व घाटावरच्या कोकणांची तुलना केली, तर त्यांचे नाते दिसेल. परंतु कोण कोठून व कोणत्या दुष्काळात आले, हे केवळ त्या नात्यावरून ठरणार नाही.

हा वाद केवळ विद्वानांचा नाही. अनुसूचित जमातीच्या दाखल्याची पडताळणी होते तेव्हा २००० च्या अधिनियमान्वये दावा सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर असतो आणि १९५० पूर्वीच्या नोंदींना मोठे वजन असते. रूढी व आचार यांवर आधारलेली आप्तभाव-चाचणी ही निर्णायक कसोटी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२३ रोजी स्पष्ट केले आहे. त्यामुळे पणजोबाच्या नावाची एक मोडी ओळ पणतूच्या शिक्षणाचा व नोकरीचा आधार ठरू शकते. रक्ताचा नमुना उद्याही घेता येईल. वाळवीने खाल्लेले फेरफाराचे पान मात्र पुन्हा लिहिता येणार नाही. म्हणूनच पेठेच्या इतिहासकार्यात गावोगावच्या दप्तरांचे जतन व मोडी नोंदींचे लिप्यंतर यांना अग्रक्रम मिळणे अगत्याचे आहे.